इस्त्रीची एकतीस हजार पावलं

नाही, नाही, नाही... पावलांचं तेवढं विचारू नका मला! वय विचारा, वजन विचारा, हृदयाच्या कुठल्या नळीत काय बसवलंय ते विचारा, सगळं सांगतो, पण हे जे तुमच्या सकाळच्या मंडळात माणूस बाकावर टेकला रे टेकला की सगळे माना वाकड्या करून त्याच्या मनगटाकडे बघता आणि "किती झाली?" म्हणता ना... ते नको! मी बाही खाली ओढली ती थंडी वाजते म्हणून नाही हो ओढली. त्या घड्याळात जो आकडा आहे तो चार भल्या माणसांना दाखवण्यासारखा नाही, म्हणून ओढली. हसता काय? ऐका तरी! ती तिकडे नळापाशी बाटली घेऊन उभी आहे ना, निळ्या बुटातली, ती आमची ही. तिच्यापुढे रांगेत तिघं आहेत आणि नळाची धार करंगळीएवढी, म्हणजे ती येईपर्यंत वेळ आहे. ती आली की मला बोलायला मिळत नाही, हा एकतीस वर्षांचा अनुभव आहे.

तर तुम्हाला सांगतो, माझं इस्त्रीचं दुकान. खाली दुकान, वर घर. चौतीस वर्षं एकाच टेबलापाशी, एकाच फरशीवर उभा आहे, त्या फरशीला माझ्या टाचांचे दोन खळगे पडलेत, पाणी सांडलं तर आधी तिथे साठतं. अशा माणसाला आठ महिन्यांपूर्वी काय व्हावं? एका वकिलाच्या काळ्या कोटाची पाठ करत होतो आणि छातीत असं कोणी ओला टॉवेल पिळावा तसं पिळलं. तरी कोट पूर्ण केला हो मी! अर्धवट कोट कसा सोडायचा? मग बसलो, मग आडवा झालो, मग ॲम्ब्युलन्स, मग चार दिवस हॉस्पिटल, आणि मग आल्या डॉक्टरीणबाई. वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण आवाज शाळेच्या घंटेचा! "काका, रोज आठ हजार पावलं. रोज सात तास झोप. गोळ्या मी देते, या दोन गोष्टी तुम्ही द्यायच्या." मी म्हटलं, "हो." आडवा पडलेला माणूस सगळ्याला हो म्हणतो.

आता यात छोटी कुठून आली? छोटी म्हणजे आमची लेक. साडेपाच फूट उंच आहे, पण एकदा छोटी म्हटलं की म्हटलं. चांगली बँकेत होती, बसायला फिरती खुर्ची, डोक्यावर थंड हवा... सोडली! का सोडली? तर एका वेबसाइटवर वस्तूंचे रिव्ह्यू लिहायचे म्हणून. मिक्सर, पंखे, ते कानात घालायचे पांढरे शेंगदाणे... मी म्हटलं, "अगं, लोकांनी काय विकत घ्यावं ते सांगायला पगार मिळतो?" तर म्हणे, "बाबा, काय घेऊ नये ते सांगायला मिळतो." तीन महिने उमेदवारी, शेवटी एक मोठा रिव्ह्यू, तो संपादकीणबाईंना पटला तर नोकरी कायम, नाही तर पोरगी घरी. आणि या संपादकीणबाई कशा? मी फोनवर आवाज ऐकलाय... "मला वर्णन नको, मला भावना नको, मला आकडे हवेत, आकडे!" बँकेतून पळाली ती आकड्यांना कंटाळून आणि पडली ती पुन्हा आकड्यातच. आगीतून फुफाट्यात!

तर विषय मिळाला, मनगटावर बांधायचे स्वस्तातले बँड. पावलं मोजतात, ठोके मोजतात, झोप मोजतात, सगळं दोन शर्टांच्या किमतीत. बाकीचे रिव्ह्यूवाले काय करतात, एखादा दंड फुगवलेला तरुण पकडतात, त्याला पळवतात आणि लिहून मोकळे होतात. छोटी म्हणाली, "बाबा, असले बँड घेतं कोण? तुमच्यासारखी माणसं घेतात. डॉक्टरांनी घाबरवलेली. मी माझा रिव्ह्यू तुमच्यावर करणार. एकवीस दिवस!" आणि डब्यातून काढले तीन बँड! मी म्हटलं, "एक पुरे ना!" तर म्हणे, "तुलना करायचीय. आणि काळजी करू नका, यंत्र खोटं बोलत नाही."

हे वाक्य ध्यानात ठेवा. यंत्र खोटं बोलत नाही!

दोन उजव्या हातात, एक डाव्या हातात. उजव्या हातातला काळा, त्याला मी नाव दिलं हेडमास्तर. दर तासाला मनगटावर गुरगुरायचा आणि वर अक्षरं यायची, "बराच वेळ बसून आहात! उठा!" अरे, चौतीस वर्षं मी बसलोच कुठे? दुसरा हिरवा, तो लाडोबा. मी खोकलो तरी "वा! कमाल! असेच पुढे चला!" आणि डाव्या हातात गुलाबी. स्वस्तात स्वस्त, आणि त्या भावात तोच एक रंग मिळत होता म्हणे. ती आपली मुकी. ना कौतुक, ना ओरडा. मागच्या बाजूला एक हिरवा दिवा लुकलुकायचा, त्याने म्हणे ती रक्त बघते आणि जे दिसेल ते मुकाट्याने छोटीच्या मोबाईलमध्ये टाकते. तीन बांगड्या घालून दुकानात उभा राहिलो, तर शेजारचा सलूनवाला दारातून म्हणतो, "चुडा कधी भरला, शेठ?"

पहिल्या दिवशी सकाळी सहाला बूट घातले, हिला म्हटलं, "निघतो फिरायला." कोपऱ्यावर लाल पत्रपेटी आहे ना, आमच्या घरापासून एकशे बारा पावलं, तिथपर्यंत गेलो... ते पुढचं नंतर सांगतो. एवढंच सांगतो की तिथून परत आलो. वर कसा जाणार? गेल्या गेल्या परत आला म्हटल्यावर प्रश्न! म्हणून दुकानाच्या मागच्या दाराने आत शिरलो, शटर न उघडता दिवा लावला, आणि आता उभाच आहोत तर म्हटलं जरा गठ्ठा हलका करू. घेतली डबल चादर. सरळ हात मारतोय, पाणी फवारतोय, हात मारतोय, पालटतोय, हात मारतोय... आणि दोन तासांनी उजव्या हातात अशी थरथर सुटली की मी म्हटलं गेलो! आला दुसरा झटका! बघतो तर काय... लाडोबाच्या काचेवर फटाके फुटतायत! "अभिनंदन! आजचं ध्येय पूर्ण! आठ हजार पावलं!"

आठ हजार? अहो मी जागेवरून हललो नव्हतो! पण त्या बिचाऱ्याला काय दिसतंय, हात पुढे, हात मागे, हात पुढे, हात मागे... म्हणजे माणूस चाललाय! हेडमास्तरसुद्धा पाघळले, "उत्तम प्रगती." संध्याकाळी मोबाईल घेऊन छोटी ओरडत आली, "आई, बाबा आज एकतीस हजार पावलं चालले!" आमची ही लाटणं हातात घेऊन तशीच बाहेर, माझ्याकडे बघतेय, डोळ्यांत पाणी, "अहो, एवढं? पहिल्याच दिवशी? झेपलं का?" आता बोला! त्या वेळी खरं सांगता आलं असतं की नाही? आलं असतं. पण सहा महिन्यांनी त्या दोघी माझ्याकडे पेशंट म्हणून न बघता माणूस म्हणून बघत होत्या हो! मी म्हटलं, "झेपलं." आणि छोटी काय म्हणाली? यंत्र खोटं बोलत नाही!

मग काय, तुम्हाला सांगतो, रोजचं झालं. सहाला बूट घालायचे, जिना उतरायचा, मागच्या दाराने आत, की इस्त्री सुरू. हिशेब पाठ झाला माझा. फुलबाह्यांचा शर्ट पंच्याऐंशी पावलं, पँट एकशे वीस, डबल चादर दोनशे बारा, पडदे असले की विचारूच नका, घाट चढून आल्यासारखं! गिऱ्हाईक खूश, कपडे वेळेआधी तयार. फक्त एक सलूनवाला, त्याच्या मागच्या खिडकीतून सगळं दिसतं, त्याने पकडलं. तोंड बंद ठेवायची त्याची अट काय? तर तासभर हेडमास्तर त्याला घालायला द्यायचा. दिला. संध्याकाळी येतो तर चेहरा लाल, "शेठ, चार हजार पावलं! एका गिऱ्हाईकाच्या डोक्यावर मी अडीच किलोमीटर चाललो... आणि तो टकला आहे!"

सगळं झकास चाललं होतं, एक सोडून. गुलाबी! दोघं उजव्या हातात नाचून सांगतायत एकतीस हजार, आणि ही मुकी डाव्या हातात बसून सांगतेय, सहाशे चाळीस. सहाशे चाळीस! म्हणजे जिना, मोरी, जेवणाचं टेबल आणि अंथरूण. अगदी बरोब्बर! आता मी म्हटलं, डावा हात इस्त्रीत हलत नाही, म्हणून असेल. म्हणून गुपचूप तिला उजव्या हातात बांधून बघितलं. तर त्या दिवशी सहाशे बावन्न! अहो, ती ठोके बघायची आणि म्हणायची, एवढं चालणाऱ्याचे ठोके असे संथ कसे? हा कुठेतरी उभा आहे! हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, इथे काकणच आरसा घेऊन मला तोंड दाखवत होतं.

आता झोपेचं ऐका, ते त्याहून मोठं आहे... एक माणूस गेला वाटतं रांगेतला? दोन उरलेत. ठीक.

झोपेसाठी छोटीने वाटणी केली. हेडमास्तर माझ्या हातात, लाडोबा आमच्या हिच्या हातात आणि गुलाबी एक दिवस माझ्याकडे, एक दिवस तिच्याकडे. मी म्हटलं, "हिला कशाला? ही पडली की झोपते." हीसुद्धा म्हणाली, "मला कशाला? हेच आधी घोरतात." आता खरं सांगू? हॉस्पिटलातून आल्यापासून मी झोपत नव्हतो. पडून ठोके मोजायचो. एक... दोन... हा चुकला का?... नाही, आला... तीन. पण मोजायचं ते अगदी न हलता! आमची कॉट जुनी, कूस बदलली की अख्ख्या घराला बातमी देते. ही दिवसभर दुकानात कपड्यांवर गिऱ्हाइकांच्या खुणा घालते, बटणं लावते, गिऱ्हाइकांची बोलणी खाते, तिची झोप मोडू नये म्हणून मी आपला लाकडासारखा. श्वाससुद्धा मुद्दाम संथ घ्यायचा. आणि सकाळी हेडमास्तर काय म्हणतात? "त्र्याण्णव गुण! अत्यंत गाढ झोप!" म्हणजे जो हलत नाही तो झोपला! त्या हिशेबाने आमच्या दुकानाबाहेरचा खांब गेली तीस वर्षं झोपलाय.

आणि आमच्या हिला? पंच्याण्णव! छोटी तर नाचायचीच बाकी होती, "आई-बाबा, तुमची झोप म्हणजे लहान बाळांची झोप आहे!" पण गुलाबी? माझ्या हातात असली की दोन तास पन्नास मिनिटं. आणि हिच्या हातात असली की... तीन तास पाच मिनिटं. आता मला ठाऊक होतं ना, माझं दोन तास पन्नास अगदी खरं आहे म्हणून? मग तिचं तीन तास पाच खोटं कसं असेल? एकदा आलं हो मनात. पण काही विचार माणूस घडी घालून कपाटात ठेवून देतो, आणि वर कडी लावतो.

आला एकविसावा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी छोटीची संपादकीणबाईंशी बैठक, तिथे रिव्ह्यू वाचायचा, तिथेच कायम की घरी ते ठरणार. संध्याकाळी घरात मी तिचा पांढरा शर्ट करत होतो, बैठकीला घालायचा म्हणून. ही समोर बसून भाजी निवडतेय. छोटी लॅपटॉप मांडीवर घेऊन मोठ्याने वाचतेय, "पहिला क्रमांक, हिरवा बँड. दुसरा, काळा. पावलांत आणि झोपेत दोघांचं एकमत आहे." मी कॉलर घेतली. "आणि गुलाबी बँड... वाचकहो, हा मुळीच घेऊ नका. एकतीस हजार पावलं चालणाऱ्या माझ्या बाबांना या बँडने एका जागी उभा असलेला माणूस ठरवलं! सुखाने झोपणाऱ्या माझ्या आईबाबांना याने रात्र रात्र जागवलं! दोन विरुद्ध एक. निकाल स्पष्ट आहे, कारण यंत्र खोटं बोलत नाही, पण बिघडलेलं..."

तुम्हाला सांगतो, माझा हात थांबला. चौतीस वर्षांत इस्त्री कपड्यावर ठेवून माझा हात कधी थांबला नव्हता. पोरगी आयुष्यातला पहिला मोठा निकाल देतेय, आणि तो कोणाच्या जोरावर? माझ्या! जगात लाखभर घाबरलेली माणसं तो वाचणार, खोटारडी दोन घड्याळं विकत घेणार, आणि ती एक बिचारी, रोज मान खाली घालून खरं सांगणारी, ती भंगारात! आणि उद्या कोणी शहाण्याने काढलं शोधून, तर नाव कोणाचं जाणार, माझं की पोरीचं? एवढ्यात ही ओरडली, "अहो, वास कसला येतोय?" बघतो तर कॉलर! पांढऱ्या कॉलरवर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग... मी! मी कपडा जाळला!

"छोटे," म्हटलं, "गुलाबी खरं सांगतेय गं."

"म्हणजे?"

म्हणजे काय म्हणजे... सांगितलं सगळं. मागचं दार, चादरी, पडदे, सलूनवाला, टकला. छोटी तोंड उघडं ठेवून ऐकतेय. म्हणाली, "पण का, बाबा? चालायला काय झालं होतं? पहिल्या दिवशी गेला होतात ना?" आणि मग ते नंतर सांगतो म्हटलं होतं ते सांगावं लागलं. गेलो होतो. पत्रपेटीपर्यंत एकशे बारा पावलं गेलो, आणि छातीत धडधड सुरू झाली. रस्त्यावर कोणी नाही. समोर एक सायकलवाला गेला, तोही शीळ घालत. मनात आलं, मी इथे पडलो तर? मी कोणाचा कोण, हे कोणाला कळणार? पत्रपेटीला धरून उभा राहिलो हो, तिच्यात पत्र टाकायला आल्यासारखा. टेबलापाशी बरं असतं. टेबल धरता येतं, चौतीस वर्षांची ओळख आहे. भीती वाटते मला, छोटे. एवढा मोठा बाप्या मी, पण मला रस्त्याची भीती वाटते.

आणि मग आमची ही, मान खाली, भाजीची एकच काडी हातात फिरवत म्हणते, "मग... माझंही गुलाबीचं खरंच असेल." छोटी म्हणाली, "म्हणजे तू पण झोपत नाहीस?" तर ही काय म्हणाली ठाऊक आहे? "कशी झोपू? यांचा श्वास ऐकत असते मी. एक येतो, मग दुसरा येईपर्यंत वाट बघायची. आणि यांची झोप मोडू नये म्हणून हलायचं नाही."

ऐकलंत? सहा महिने! एका कॉटवर दोघं, हातभर अंतरावर, दोघंही टक्क जागे, आणि दोघंही एकमेकांची झोप सांभाळायला ओंडक्यासारखे पडून! ती माझा श्वास ऐकतेय, जो मी मुद्दाम तिच्यासाठी संथ घेतोय, म्हणजे दुसरा श्वास उशिरा येतोय, म्हणजे ती आणखी घाबरतेय! आणि हिरवा काळा दोघं मिळून सकाळी आम्हाला बक्षिसं वाटतायत! हसा, हसा. आम्हीही हसलो. आधी छोटी रडली, मग हसली, मग ही हसली, मग मला हसताना छातीत धडधडलं, तर दोघी एकदम, "काय झालं? काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, हसतोय!"

पण रिव्ह्यूचं काय? तो तर सगळा कोसळला ना! आता सकाळपर्यंत नवे आकडे आणायचे कुठून? मी म्हटलं, "छोटे, घालवली मी तुझी नोकरी." ती लॅपटॉप उचलून खोलीत गेली, दार लावलं. सकाळी बाहेर आली ती तोच शर्ट घालून! जळक्या कॉलरचा! मी म्हटलं, "अगं, दुसरा देतो, दोन मिनिटांत करतो," तर म्हणे, "नको. हा पुरावा आहे." आणि गेली. त्या दिवशी मी तीन शर्टांना उलट्या बाजूने इस्त्री केली.

तिथे काय झालं ते तिने येऊन सांगितलं. संपादकीणबाईंनी चष्मा खाली केला. "हे कॉलरला काय?" छोटीने वाचायला सुरुवात केली, "या रिव्ह्यूतले एकवीस दिवसांचे आकडे खोटे आहेत. ते माझ्या बाबांनी उभ्याउभ्या तयार केले. त्यांनी तिन्ही घड्याळांना फसवायचा प्रयत्न केला. दोन फसली. जे फसलं नाही ते घ्या." वाचून झाल्यावर बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. छोटी म्हणते, बाबा, माझे ठोके तेव्हा गुलाबीने मोजायला हवे होते! आणि मग बाई हळूच विचारतात, "तुझे बाबा... आणखी काय काय करतात?"

कायम झाली हो! पोरगी कायम झाली! त्यांना काय माझी अक्कल आवडली असं समजू नका. त्यांना सापडला फसवणारा माणूस. म्हणे, प्रत्येक नवं यंत्र आधी या गृहस्थांच्या हातात द्या, हे ज्याला फसवू शकत नाहीत तेच खरं. आता घरी दर आठवड्याला डबा येतो. परवा वजनकाटा आला, त्याच्यावर मी चढताना खिडकीचा गज धरतो का ते छोटी पाहते!

आणि चालण्याचं? त्याच बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बूट घालतोय तर ही दारात उभी, पायात छोटीचे जुने निळे बूट. "मी येते. पत्रपेटीपर्यंत." तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षांच्या संसारात आम्ही रस्त्याने चाललो म्हणजे कसे? मी पुढे, ही मागे पिशवी घेऊन, मध्ये चार माणसं जातील एवढी जागा. आणि त्या दिवशी खाली उतरल्याबरोबर तिने माझा डावा हात धरला. असा, पंजात पंजा घालून, गच्च! मी म्हटलं, "अगं, लोक बघतील." ती म्हणाली, "बघू देत. पडलात तर कोणाचे कोण ते त्यांना कळायला नको?" गेलो. पत्रपेटी आली. धडधडलं. ती थांबली, घाई नाही, काही नाही, म्हणाली, "आता त्या खांबापर्यंत." मग पुढचा खांब, मग औषधांचं दुकान, मग शाळेचं फाटक... पत्रपेटीच्या पलीकडे केवढं तरी आहे हो! चाळीस दिवस झाले. आता या बागेला आम्ही चार फेऱ्या मारतो. आणि रात्री? आता मी सरळ विचारतो, "जागी आहेस?" ती म्हणते, "आहे." मग बोलत बसतो, बोलता बोलता कोण आधी झोपतं ते सकाळी दोघांनाही आठवत नाही. गुलाबी म्हणते, साडेपाच तास. सात होतील. होतील!

मग आकडा दाखवायला काय झालं, असंच ना तुमचं? हे बघा. सारतो बाही. बघा नीट, चष्मा लावून बघा. जिना उतरून हिने हात धरला की मगच बांधायची, हा छोटीचा नियम, तरी तीन फेऱ्या झाल्यात, घरून इथवर आलोय तेही धरा. किती? शून्य!... शून्य हो! हिने हात धरला की तो हलतच नाही, म्हणजे गुलाबीच्या मते मी चाललोच नाही! इतकी खरी, इतकी गुणाची, तीसुद्धा इथे फसली! परवा डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, "काका, फारच छान! रोज किती चालता?" मी ऐटीत हात पुढे केला. त्या एकदा रिपोर्ट बघतात, एकदा शून्य बघतात... दुसऱ्या हातात बांधा म्हणता? बांधली असती! पण छोटीने सक्त मनाई केलीय. तिचा पुढचा रिव्ह्यू हाच, हात धरून चालणाऱ्यांसाठी कोणता बँड! तोवर पुन्हा एकवीस दिवस रोज चार फेऱ्या आणि रोज शून्य. एकतीस हजार मिळत होते ते उभं राहून, आणि चाललो तर हे!

आली बघा बाटली घेऊन... "अहो, संपलं का तुमचं पुराण? उठा, एक फेरी राहिलीय." उठतो बाई, उठतो. बघा, धरला हात! आणि ही बघा गुलाबी, छोटीने आता तिलाही बोलायला शिकवलंय, वाचा काय म्हणतेय... "आपण बराच वेळ बसून आहात. मात्र ठोके वाढलेले दिसतात. घाबरू नका. दीर्घ श्वास घ्या." घेतो बाई, दीर्घ श्वास घेतो. काय करणार? यंत्र खोटं बोलत नाही हो... त्याचं अजून लग्न व्हायचंय!